देवाचे काम आणि शेजाऱ्याचे काम

(आकाशवाणीवरील भाषण)

मी रांजणगावचा रहिवासी. आमच्या गावाचे नाव घेतले की जुन्या माणसांस अष्टविनायकांतील महागणपती आठवतो, आणि तरुणांस तेथील औद्योगिक वसाहत आठवते. पहाटे देवळात आरती चाललेली असते, त्याच सुमारास पुणे-नगर रस्त्यावरून पहिल्या पाळीच्या कामगारांच्या गाड्या धावू लागतात. देवळाकडे वळला तो देवाच्या कामास गेला आणि कारखान्याकडे वळला तो पोटाच्या कामास गेला, असे आपण सहज बोलून जातो. ही वाटणी इतकी अंगवळणी पडलेली आहे की, ती खरी आहे की नाही हे विचारण्याचे आपल्या मनातही येत नाही.

ख्रिस्ती धर्मात हा प्रश्न फार जुन्या काळापासून विचारला गेला आहे. त्याचे एक उत्तर भीमेच्या पलीकडे, आजच्या दौंड तालुक्यातील केडगावी, एका मराठी बाईने सव्वाशे वर्षांपूर्वी पुस्तकात न लिहिता कृतीने दिले. तोच इतिहास आज आपणांपुढे मांडावयाचा आहे. मी स्वतः ख्रिस्ती नाही, आणि धर्मशास्त्राचा माझा अधिकारही नाही. मॅट्रिक होऊन मास्तरकीत आयुष्य घालविलेला मी एक गृहस्थ. तथापि शेजारच्या घरात चांगली वस्तू दिसली तर ती कोणत्या बाजारातली हे विचारण्यापूर्वी ती पाहून घ्यावी, असे मला वाटत आले आहे.

प्रथम मूळ कल्पना काय आहे ते पाहू. येशू ख्रिस्त सुताराच्या घरी वाढला, आणि गावचे लोक त्यास सुतार म्हणूनच ओळखीत, असे शुभवर्तमानात सांगितले आहे. त्याच्यामागून धर्मप्रसार करणारा पौल हा राहुट्या करण्याचा धंदा करी. करिंथ शहरी तो अक्विल्ला व प्रिस्किल्ला ह्या त्याच धंद्यातील जोडप्याकडे उतरला आणि त्यांच्याबरोबर काम करू लागला. हातांचे काम गुलामांचे आणि विचाराचे काम मोकळ्या माणसाचे, अशी समजूत त्या काळच्या ग्रीक व रोमन समाजांतील वरिष्ठ वर्गात रूढ होती. अशा समाजात धर्माचा उपदेशक दिवसभर जाड कापडावर सुई चालवितो, ही गोष्ट लहान नव्हती. काम का करावे ह्याची दोन कारणे पौलाच्या नावाने असलेल्या पत्रांत आढळतात. एक, आपला भार दुसऱ्यावर पडू नये म्हणून. आणि दुसरे, गरजवंतास देण्यासाठी आपल्या हाती काही असावे म्हणून. हे दुसरे कारण श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. केडगावचा सारा इतिहास त्यात सामावलेला आहे.

देव आणि शेजारी ह्या दोघांवर प्रीती करावी हे त्या धर्माचे सार समजले जाते. परंतु शेजारी कोण? ह्या प्रश्नास येशूने एक गोष्ट सांगून उत्तर दिले. वाटमाऱ्यांनी लुटून अर्धमेला केलेला एक मनुष्य रस्त्यावर पडला होता. याजक आला, बाजूने निघून गेला; मंदिराचा सेवक आला, तोही निघून गेला. मग हलका समजला गेलेला एक शोमरोनी आला. त्याने जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर घालून त्यास उतारशाळेत नेले, आणि उतारशाळेच्या मालकास दोन नाणी देऊन त्याची काळजी घेण्यास सांगितले. ह्या गोष्टीतील शोमरोन्याची स्तुती सर्वजण करतात. मला मात्र उतारशाळेच्या त्या मालकाविषयी नेहमी कुतूहल वाटत आले आहे. त्याने पैसे घेतले व आपला रोजचा धंदा केला: खाट दिली, पाणी तापविले, पेज दिली. पण ती खाट आणि ती पेज नसती तर शोमरोन्याची दया रस्त्यावरच संपली असती. दयेला पुरे होण्यासाठी कोणाचे तरी रोजचे काम लागते, हे त्या गोष्टीत न बोलता सांगितलेले आहे.

पुढे सहाव्या शतकात इटलीमध्ये संत बेनेडिक्ट ह्याने मठवासीयांसाठी नियम घालून दिले. त्यांत प्रार्थना, वाचन आणि हातांचे काम अशी दिवसाची वाटणी होती. इतकेच नव्हे, तर मठातील भांडी व अवजारे वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणे जपावी असेही त्याने सांगितले. परंतु काळ जसजसा गेला तसतशी युरोपात दोन पायऱ्यांची कल्पना बळावली. मठात राहणारा तो देवाचा, आणि नांगर धरणारा तो संसाराचा. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर ह्या जर्मन संन्याशाने ह्या कल्पनेवर घाव घातला. त्याच्या शिकवणीचा आशय असा की, चांभार, लोहार, शेतकरी आणि मुलांचे अंग धुणारी आई ह्या सर्वांस देवाने आपापल्या कामावर नेमलेले आहे, आणि धर्मगुरूचे कामही त्यांपैकीच एक आहे. आपण रोजची भाकरी देवाजवळ मागतो, आणि देव ती शेतकऱ्याच्या, दळणाऱ्याच्या व भाजणाऱ्याच्या हातून देतो. आपल्या सत्कर्मांची गरज देवास नाही. ती गरज शेजाऱ्यास आहे.

हा विचार मोठा खरा. परंतु त्यास एक धोक्याची बाजूही आहे. देवाने तुला ह्या कामावर नेमले आहे असे म्हटले की, तेथून हलू नकोस असे म्हणण्यास वेळ लागत नाही. १५२५ साली जर्मनीतील शेतकरी जाचाविरुद्ध उठले, तेव्हा खुद्द ल्यूथरने त्यांच्याविरुद्ध अतिशय कठोर भाषा वापरली. म्हणजे सर्व काम पवित्र आहे असे सांगणाऱ्यासही कष्टकऱ्याचे गाऱ्हाणे नेहमी ऐकू येतेच असे नाही.

येथे आपणांपैकी कोणी म्हणेल की, ह्यात आम्हांस नवे ते काय? अरणचे सावता माळी मळ्यात विठोबा पाहत होते, तेरचे गोरोबा चिखल तुडविताना नाम घेत होते, जनाबाई जात्यावर बसून देवाशी बोलत होत्या. ही गोष्ट अगदी खरी आहे, आणि म्हणूनच ख्रिस्ती लोकांचा हा विचार मराठी मनास परका वाटत नाही. परंतु आपल्या इतिहासाकडे प्रामाणिकपणे पाहिले तर एक गोष्ट कबूल करावी लागते. संतांनी कामास देवाजवळ नेले, पण समाजाने कामाची वाटणी जन्मावर ठेवली ती ठेवलीच. मळा माळ्याचा, चाक कुंभाराचे, आणि मेलेले ढोर ओढणे महाराच्या वाट्याचे. गोरोबांच्या अभंगांपुढे माना डोलविणाऱ्या घरातील मुलगा चाकावर बसला नाही, आणि कुंभाराच्या मुलास पाटीवर लिहिण्यास कोणी बसविले नाही. काम पवित्र झाले, पण हात मोकळे झाले नाहीत.

एकोणिसाव्या शतकात जे मिशनरी ह्या देशात आले, त्यांच्यापैकी कित्येक स्वतः कारागिरांच्या वर्गातले होते. मराठी भाषेचे व्याकरण १८०५ साली आणि कोश १८१० साली ज्यांनी प्रसिद्ध केला ते बंगालमधील विल्यम केरी हे मूळचे इंग्लंडातील जोडे शिवणारे. एकदा मोठ्या साहेबांच्या मेजवानीत कोणी कुत्सितपणे त्यांच्या जुन्या धंद्याचा उल्लेख केला, तेव्हा आपण नवे जोडे करणारेही नव्हतो, फाटके जोडे दुरुस्त करणारे होतो, असे त्यांनी शांतपणे सांगितले, अशी गोष्ट त्यांच्या चरित्रांत येते. मराठीचे व्याकरण छापून घेणारा हात आधी आरीवर चाललेला होता, ही गोष्ट भाषेच्या शिक्षकांनी विसरू नये.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ साली मुंबईस आले, आणि १८३१ साली त्यांनी अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथे ठाणे घातले. तेथून त्यांचे काम आमच्या शिरूरकडे पसरले. गावोगावच्या महार-मांगांपैकी जे ख्रिस्ती झाले त्यांच्यापुढे लौकरच पोटाचा प्रश्न उभा राहिला. गावकीतून बाहेर पडलेल्यास बलुते मिळणे कठीण. आणि सुताराने वा लोहाराने आपली विद्या त्यांस शिकविण्याची तर गोष्टच नको. दक्षिणेकडे मंगळूरच्या बासेल मिशनसमोरही हीच अडचण होती. तिच्यातून विणकामाच्या शाळा निघाल्या आणि १८६५ साली कौलांचा कारखाना उभा राहिला. आपल्या कोकणातील व देशावरील कित्येक घरांवर जी मंगळुरी कौले दिसतात, त्यांच्या उगमाशी धर्मांतरितांच्या भाकरीचा हा प्रश्न आहे. शिरूर येथे रेव्हरंड रिचर्ड विन्सर ह्यांनी मुलांसाठी उद्योगशाळा चालविली. आमच्या माळरानावर बांधाबांधाने वाढणारा घायपात, ज्यास आम्ही केकताड म्हणतो, त्याचा वाख काढण्याचा उद्योग त्यांनी तेथे वाढविला. ज्या झुडपास शेळीही तोंड लावीत नाही त्यापासून धंदा उभा राहिला. नगरास विसाव्या शतकाच्या आरंभी डी. सी. चर्चिल ह्या अमेरिकन अभियंत्याने सुधारलेला हातमाग तयार केला. महाराच्या मुलाने सुतारकाम शिकावे आणि मांगाच्या मुलाने मागावर बसावे, ही त्या काळी केवळ पोटाची सोय नव्हती. हात मोकळे होण्यास तेथे आरंभ झाला होता.

आता मुख्य विषयाकडे वळतो. पंडिता रमाबाईंचे नाव आपणां सर्वांस ठाऊक आहे. कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ साली त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या, हेही बहुतेकांनी वाचलेले असते. परंतु त्या पदव्यांच्या आधी जे घडले ते फारसे सांगितले जात नाही. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. पत्नीस व मुलींस संस्कृत शिकविण्याइतके ते स्वतंत्र बुद्धीचे होते. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर हिंडत असे. १८७० नंतरच्या दुष्काळी वर्षांत दक्षिणेत त्यांची अन्नान्नदशा झाली. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरली ती रमाबाई व त्यांचा भाऊ श्रीनिवास. पुढे १८९७ च्या सुमारास आपल्या दुष्काळाच्या आठवणी लिहिताना रमाबाईंनी एक कबुली दिली आहे. पवित्र ग्रंथांवाचून आम्हांस दुसरे काही येत नव्हते. हलके काम करावयाचे नाही आणि भीकही मागावयाची नाही. जातीच्या व विद्येच्या अभिमानामुळे एखादा उद्योग शिकण्यास आम्ही वाकलो नाही. वाकलो असतो तर कदाचित आईबापांचे प्राण वाचले असते. असा त्या लिहिण्याचा भावार्थ आहे.

श्रोतेहो, एवढ्या विदुषीने स्वतःच्या घराविषयी लिहिलेल्या ह्या गोष्टीवर क्षणभर विचार करावा. हजारो श्लोक मुखोद्गत असलेले कुटुंब उपासमारीने मेले, आणि त्याचे कारण शोधताना मुलीला दिसले ते असे की, आपल्या हातांस काम येत नव्हते आणि काम करण्याची आपणांस लाज वाटत होती.

ह्यानंतर रमाबाईंच्या आयुष्यात अनेक उलथापालथी झाल्या. बिपिनबिहारी मेधावी ह्यांच्याशी १८८० मध्ये विवाह, १८८२ मध्ये वैधव्य, पदरी मनोरमा ही लहान मुलगी. त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला, आणि १८८३ साली इंग्लंडास गेल्या. तेथे वाँटेज येथील जोगिणींच्या आश्रमात असताना त्यांस लंडनजवळ फुलहॅम येथील एक घर दाखविण्यात आले. समाजाने टाकलेल्या, वाट चुकलेल्या स्त्रिया तेथे होत्या, आणि त्यांची सेवा करणाऱ्या बायका त्यांस तुच्छ न लेखता वागवीत होत्या. ह्या बायका असे का वागतात, असे रमाबाईंनी विचारले. तेव्हा त्यांस विहिरीवर पाणी भरणाऱ्या शोमरोनी स्त्रीची व येशूची गोष्ट वाचून दाखविण्यात आली. आपल्या मतपरिवर्तनात ह्या भेटीचा मोठा वाटा होता असे त्यांनी पुढे स्वतः लिहिले आहे. १८८३ च्या सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कोणत्याही शास्त्रार्थापूर्वी त्यांच्या नजरेस पडली ती सेवा, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे.

१८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या, आणि तेथे त्यांच्या कार्यास दहा वर्षे साहाय्य देण्यासाठी १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन निघाले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. उच्चवर्णीय बालविधवांस तेथे शिक्षण मिळे, आणि त्यांचे जातीचे आचार सांभाळले जात. दहा वर्षांची मुदत संपल्यावर संस्था स्वतःच्या पायांवर उभी असावी ह्या हेतूने रमाबाईंनी केडगाव स्टेशनाजवळ जमीन घेतली व तेथे फळबाग लावण्यास आरंभ केला. दुसऱ्याच्या पैशावर कायमचे जगावयाचे नाही, हा विचार त्या जमिनीच्या मुळाशी होता.

इतक्यात १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातील हालांच्या वार्ता ऐकून रमाबाई तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तामुळे एवढी माणसे ठेवणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी ती केडगावी नेली. फळबागेच्या जमिनीवर प्रथम झोपड्या उठल्या, मग इमारती उठल्या, आणि १८९८ मध्ये मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

केडगाव तेव्हा भीमथडी तालुक्यात मोडे. ह्याच तालुक्यातील सुपे गावी १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या होत्या. पावसाचा भरवसा नाही, कर्जाचा मात्र आहे, असा हा मुलूख. अशा ठिकाणी दोन हजार भुकेल्या जिवांचे गाव वसविणे म्हणजे काय, हे एखाद्या गृहिणीलाच नीट कळेल. दळण किती, सरपण किती, धुणे किती! शिवाय येणाऱ्यांत कोणी हाडांचा सापळा, कोणी आजारी, कोणी आंधळी, कोणी अत्याचारास बळी पडलेली. नोकर ठेवून हे चालविणे अशक्य होते, आणि रमाबाईंच्या मनातही ते नव्हते. तेथे काम हेच शिक्षण झाले. मुली दळू लागल्या, विणू लागल्या, शिवू लागल्या. गाई-म्हशींचे दूध, तेलाचा घाणा, बागेचे पाणी, मुद्रणालय, पुस्तकांची बांधणी ह्या कामांस त्यांचे हात लागले. आंधळ्या मुलींसाठी निराळे घर होते. मनोरमाबाईंच्या प्रयत्नाने त्यांस ब्रेल लिपी शिकविण्यात आली, आणि वेताचे व टोपल्यांचे काम देण्यात आले. शारदा सदनाच्या काळात उच्चवर्णीयांपुरती मर्यादा होती. मुक्तीत दुष्काळाने ती राहू दिली नाही. ज्या घरातील मुलगी कालपर्यंत दुसऱ्या जातीच्या हातचे पाणी घेत नव्हती, ती आज तिच्या शेजारी जात्याच्या दुसऱ्या बाजूस बसली.

परंतु ह्याहूनही मोठी एक गोष्ट तेथे झाली, आणि तीच आजच्या भाषणाचे सार आहे. १८९७ मध्ये ज्या मुली मरणाच्या दारातून आणल्या होत्या, त्यांच्यापैकी कित्येकींनी १९०० मध्ये आलेल्या नव्या मुलींची शुश्रूषा केली. ज्यांच्या तोंडात तीन वर्षांपूर्वी दुसऱ्याने पेज घातली, त्यांनी आता दुसऱ्याच्या तोंडात पेज घातली. पौलाचे ते दुसरे कारण आपणांस आठवत असेल: हाताने काम करावे, म्हणजे गरजवंतास देण्यासाठी आपल्याजवळ काही असेल. दान घेणाऱ्याचा हात नेहमी खालीच राहतो. त्यास काम मिळाले म्हणजे तो बरोबरीस येतो, आणि ते काम दुसऱ्याच्या उपयोगी पडू लागले म्हणजे तो देणारा होतो. अनाथाश्रम व मुक्तिसदन ह्यांतील फरक हाच होय.

मुद्रणालयाविषयी दोन शब्द अधिक सांगितले पाहिजेत. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर केले. संस्कृताच्या ह्या पंडितेने ते जाणूनबुजून सोप्या मराठीत, अशिक्षित बाईसही कळेल असे करण्याचा यत्न केला. विद्वत्ता दाखविण्याची सोय असताना ती दाखविली नाही. ह्या ग्रंथाचे खिळे जुळविण्याचे, छापण्याचे व बांधण्याचे काम मुक्तीतील स्त्रियांनी केले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. एकुलती एक मुलगी गेल्यावरही आईने काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. ज्या स्त्रियांस अक्षरओळख होणे हेच एके काळी अशक्य मानले गेले असते, त्यांच्या हातांनी त्यांच्या धर्माचा ग्रंथ अक्षर-अक्षर जुळविला.

येथवर जे सांगितले ते ऐकून काही श्रोत्यांच्या मनात एक आक्षेप आला असेल, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. भुकेल्या माणसास अन्न देऊन त्याचा धर्म बदलणे ही सेवा म्हणावी काय? हा आक्षेप आजचा नाही. शारदा सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील अशा समजुतीने न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर ह्यांनी सल्लागार मंडळात काम पत्करले होते. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात असे दिसून आल्यावर १८९३ मध्ये ते त्यातून निघाले. केसरीने तर आधीपासूनच टीकेची झोड उठविली होती. रमाबाईंचे म्हणणे असे की, मी कोणावर सक्ती करीत नाही. परंतु माझ्या खोलीचे दार मी बंद करणार नाही. दोन्ही बाजूंस प्रामाणिक माणसे होती. रानड्यांस दिलेल्या शब्दाची चिंता होती, आणि ती रास्त होती. अन्न देणाऱ्याच्या धर्माकडे भुकेल्याचे मन ओढ घेते, मग सक्ती असो वा नसो. हेही नाकारता येत नाही.

परंतु हा आक्षेप घेण्याचा अधिकार कोणास आहे, हा प्रश्नही विचारावा लागतो. मध्य प्रांताच्या रस्त्यांवर त्या मुली पडल्या होत्या तेव्हा तेथून जाणारे पुष्कळ होते. शोमरोन्याची गोष्ट सांगणाऱ्याने याजकास दोष दिला तो त्याच्या मतांबद्दल नव्हे. तो बाजूने निघून गेला ह्याबद्दल दिला. आनंदाची गोष्ट ही की, ह्या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने पुढे नुसत्या वादाने दिले नाही. शारदा सदनाच्या विद्यार्थिनी गोदूबाई ह्यांच्याशी धोंडो केशव कर्वे ह्यांनी १८९३ मध्ये विवाह केला, आणि १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. तो पुढे हिंगण्यास गेला. रमाबाई रानडे ह्यांनी १९०९ मध्ये पुण्यास सेवासदन चालू केले, आणि घरंदाज बायका रुग्णसेवेचे काम शिकू लागल्या. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, व तिच्यातून कमवा आणि शिका ही पद्धत खेड्यापाड्यांतील मुलांपर्यंत पोहोचली. ह्यांतील कोणीही ख्रिस्ती झाले नाही; परंतु हातांच्या कामास लाज नसावी आणि ते काम शेजाऱ्याच्या उपयोगी पडावे, हे तत्त्व प्रत्येकाने आपापल्या परीने आचरिले.

आता एक गोष्ट माझी स्वतःची. मी शिक्षक होतो त्या काळातली. वर्गात एका गवंड्याचा मुलगा होता. बापाच्या हाताखाली माल कालविण्यास जावे लागे म्हणून तो वारंवार गैरहजर राही. एके दिवशी मी रागावून सर्व वर्गासमोर त्यास म्हणालो, "शिकला नाहीस तर जन्मभर बापासारख्या विटा उचलीत बसशील." मुलगा काहीच बोलला नाही. मान खाली घालून उभा राहिला. दुपारी शाळेचा शिपाई माझ्याजवळ आला आणि हलकेच म्हणाला, "गुरुजी, आपण ज्या भिंतीला टेकून बोलत होता ना, ती त्याच्या बापाने बांधली आहे."

मला त्या दिवशी भाकर गोड लागली नाही. पुस्तकातून मी मुलांना श्रमाची प्रतिष्ठा शिकवीत होतो, आणि तोंडाने तिचीच अप्रतिष्ठा करीत होतो. त्या बापाने भिंत वाकडी बांधली असती तर माझे चाळीस विद्यार्थी तिच्याखाली बसू शकले नसते. त्याने ती ओळंब्यात बांधली, आणि त्याचे नावही मला ठाऊक नव्हते. पुढे केडगावचा इतिहास वाचताना रमाबाईंची ती कबुली माझ्या दृष्टीस पडली, आणि जातीचा व विद्येचा अभिमान म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नाही. त्या मुलाची क्षमा मागण्यास मला बरीच वर्षे लागली. तो आता आमच्या भागातच स्वतः बांधकामे घेतो. मी बोललो तेव्हा तो हसून एवढेच म्हणाला, "गुरुजी, मला ते आठवतसुद्धा नाही." त्यास आठवत होते, हे त्याच्या डोळ्यांवरून मला दिसले.

तेव्हा ख्रिस्ती विचारातून मला जे घेण्यासारखे वाटले ते थोडक्यात असे. कामाचे पावित्र्य ते कोणते काम आहे ह्यावर अवलंबून नसते. ते कोणाच्या उपयोगी पडते आणि कसे केले जाते ह्यावर असते. भेसळीचा व्यापार धूपदीप लावून केला तरी ती उपासना होत नाही, आणि गटार साफ करणाऱ्याने नाम घेतले नाही तरी त्याची सेवा वाया जात नाही. परंतु ह्याच विचाराची दुसरी बाजूही तितकीच बंधनकारक आहे. काम पवित्र म्हणावयाचे आणि ते करणाऱ्यास पुरती मजुरी द्यावयाची नाही, पवित्र म्हणावयाचे आणि आपल्या मुलास मात्र त्यापासून दूर ठेवावयाचे, ही देवाची फसवणूक होय. शेजाऱ्याची सेवा म्हणून काम करण्याचा उपदेश कामगारास करण्यापूर्वी, तो आपलाही शेजारी आहे हे काम घेणाऱ्याने ओळखले पाहिजे.

केडगावची ती संस्था आजही तेथे आहे, आणि आमच्या रांजणगावी पहाटे आरती व पाळीच्या गाड्या अजून एकाच वेळी चालू असतात. त्या गाड्यांत माझे कित्येक विद्यार्थी असतात. मला रस्त्यावर पाहून ते खिडकीतून हात जोडतात. पूर्वी मी मान हलवून पुढे जात असे. आता मीही थांबून हात जोडतो.